पाचशे चिंचोक्यांचा मोसम

शैलाबाई परतूरकरांनी औरंगपुऱ्यातल्या मुलींच्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं, आणि त्या एकतीस वर्षांत एकाही मुलीच्या वहीवर अर्ध्यात फुली मारली नाही. दुसऱ्याच पायरीवर चूक दिसली तरी त्या नुसत्या बाकाशेजारी उभ्या राहायच्या आणि "हं, पुढं?" एवढंच म्हणायच्या. पोरगी पुढे जायची, गणित वेडंवाकडं व्हायचं, आणि शेवटी मुलापेक्षा बापाचं वय तीन वर्षांनी कमी निघायचं. मग ती स्वतःच जीभ चावायची. मुख्याध्यापिका कुरकुरायच्या, की अशानं पोर्शन कधी संपायचा? शैलाबाईंचा पोर्शन दर वर्षी जानेवारीत संपलेला असायचा. तो कसा संपतो, हे मात्र त्यांना कुणी कधी विचारलं नाही.

असली माणसं घरात सोपी नसतात. पण मधुसूदनरावही काही कमी नव्हते. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नोकरी करून उपअभियंता म्हणून ते निवृत्त झाले. कालव्याच्या कामात मोजमापाच्या वहीत खोटा आकडा लिहायला नकार दिला म्हणून चार वेळा त्यांची बदली झाली, आणि चारही वेळा त्यांनी बिनतक्रार ट्रंक भरली. नको असलेला माणूस दारात आला तरी "घरी नाहीत म्हणून सांग" हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. उलट दार उघडून ते सांगायचे, "मी घरी आहे, पण तुमच्याशी बोलायची इच्छा नाही." नातेवाइकांत त्यामुळे काही संबंध कायमचे तुटले. शैलाबाईंना ह्या स्वभावाचा वैताग यायचा आणि मनातून अभिमानही वाटायचा. उस्मानपुऱ्यातल्या पहिल्या मजल्यावरच्या त्या घरात दोघं आपापल्या हट्टासकट सुखानं राहत होते.

घोड्याचं खूळ शिरलं ते पुण्यात. मुलगी मनस्विनी तिकडे दिलेली. गेल्या पावसाळ्यात दोघं तिच्याकडे गेले असताना एका रविवारी जावई अमेय सासऱ्यांना गंमत म्हणून रेसकोर्सवर घेऊन गेला. सासऱ्यांनी पन्नास रुपये लावले आणि हरले. माणसानं तिथेच हात झटकून घरी यावं. पण मधुसूदनरावांनी घोड्यांकडे धड पाहिलंच नव्हतं. ते चार तास भावाच्या फलकाकडे बघत बसले होते. दर मिनिटाला बदलणारे आकडे आणि त्यावर ओरडणारी हजार माणसं, आणि त्यातल्या एकाच्याही हातात वही नाही, ह्याचं त्यांना नवल वाटलं.

परत आल्यावर त्यांनी गेल्या तीन वर्षांच्या पुण्याच्या शर्यतींचे निकाल इंटरनेटवरून उतरवून घेतले आणि आलेखाच्या चार वह्या भरल्या. निवृत्तीनंतर दोन वर्षं हा माणूस दुपारी वर्तमानपत्रातल्या निविदा वाचत बसायचा. आता सकाळी सहाला उठून टेबलाशी बसू लागला. शैलाबाईंना आधी बरंच वाटलं.

जूनमध्ये, जेवण झाल्यावर, त्यांनी आपली योजना बायकोसमोर मांडली. प्रत्येक शर्यतीत लोकांचा सगळ्यात लाडका घोडा, म्हणजे फेव्हरिट, घ्यायचा. प्रत्येक जिंकण्यामागे वीस हजार सुटले पाहिजेत. हरलो, तर पुढच्या शर्यतीत इतके लावायचे की घोडा आला तर गेलेलं सगळं भरून निघून वर वीस हजार उरतील. परत हरलो, तर आणखी वाढवायचे. जिंकलो की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"हरायचं कुठं उरतं मग ह्याच्यात?" मधुसूदनराव म्हणाले. "एक घोडा आला की मागचं सगळं पुसलं जातं. तीन वर्षांत फेव्हरिट सलग सातच्या वर कधी हरलेला नाही. मी आठ धरलेत."

"भांडवल?"

"पाच लाखांची ठेव आहे ना आपली."

ती ठेव दोघांच्या नावावर होती आणि दोघांच्या सह्यांशिवाय मोडत नव्हती. दोघांचं म्हातारपण त्या कागदात होतं; पेन्शन महिना निभावून न्यायची, पण गुडघा बदलायचा झाला किंवा छत गळायला लागलं तर हात घालायला तेवढीच जागा होती. शैलाबाईंचा आवाज चढला. "पैसे काय चिंचोके आहेत का हो?" असं त्या ओरडल्या, आणि ओरडता ओरडताच थांबल्या.

मग त्या उठल्या आणि माळ्यावरून पत्र्याचा डबा काढून आणला. पाचवीच्या पोरींना दशक-शतक शिकवायला त्यांनी वर्षानुवर्षं साठवलेले सोळाशे चिंचोके त्यात होते, शंभर-शंभराच्या पुरचुंड्या बांधलेले. त्यातल्या पाच पुरचुंड्या उघडून त्यांनी पितळेच्या पातेल्यात ओतल्या.

"एक चिंचोका म्हणजे हजार रुपये. हे तुमचे पाच लाख. डबा माझा, मी बुकी. पुण्याचा सगळा मोसम तुमच्या योजनेनं खेळायचं. घोडे सुटायच्या आत आकडा सांगायचा आणि तेवढे चिंचोके टेबलावर ठेवायचे. मोसम संपेपर्यंत पातेलं टिकलं, तर मी एक शब्द न बोलता सही करीन. पण एखाद्या दिवशी तुमची योजना मागंल तेवढे चिंचोके पातेल्यात नसले, तर हा विषय ह्या घरात परत काढायचा नाही."

मधुसूदनरावांनी हे सगळं आनंदानं वहीत उतरवून घेतलं आणि खाली सही केली. बाईंनी आपल्याला परीक्षेला बसवलंय, आणि पेपर आपल्याला पाठ आहे, असं त्यांना वाटलं असावं.

जुलैत शर्यती सुरू झाल्या आणि योजना चालली! चांगली चालली. शनिवार-रविवारी दुपारी दोघं टेबलाशी मोबाइल टेकवून बसायचे. आधी दहा चिंचोके लागायचे, घोडा हरायचा. मग पंधरा, मग तेवीस, आणि कुठेतरी घोडा यायचा. शैलाबाई डब्यातून मोजून द्यायच्या. पातेलं वीस-वीसनं चढत गेलं. ऑगस्टमध्ये सातशे झाले, गणपती उठेपर्यंत साडेआठशे. एकदा घोडा सहा वेळा हरला, सातव्याला आला. त्या दिवशी मधुसूदनरावांनी स्वतः खाली जाऊन बासुंदी आणली.

शैलाबाईंना बासुंदी गोड लागली नाही. हे गणित कधीतरी फाटणार हे त्यांना कळत होतं, पण "कधीतरी" हे उत्तर नव्हे. ते ह्या मोसमात फाटलं नाही तर सही करावी लागणार होती. शब्द त्यांनीच दिला होता. एखाद्या शर्यतीत दोन-चार चिंचोके कमी मोजून द्यावेत असं त्यांच्या मनात आलं, नाही असं नाही. त्या मनाला त्यांनी चांगलं खडसावलं. इकडे मधुसूदनरावांनी बँकेचा फॉर्म आणून ठेवला आणि बायकोनं सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं बारीक खूण केली. मनस्विनीला सातवा महिना लागला होता. पुढच्या मोसमात शर्यतीला पुण्याला गेलो की तिच्याकडेच उतरू, बाळाच्या धावपळीत तिलाही सोबत होईल, असा त्यांनी बेतही केला होता.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी पातेल्यात एक हजार चिंचोके होते, आणि मोसमाचे दोन दिवस उरले होते.

त्या शनिवारी पहिल्या दोन्ही शर्यतींत घोडा आला आणि एक हजार चाळीस झाले. मग शेवटचे पाच फेव्हरिट एकापाठोपाठ हरले. दहा, वीस, पंचवीस, पन्नास, त्रेसष्ट. "होतं असं," म्हणून मधुसूदनराव वही मिटून फिरायला गेले. रविवारी पहिल्या शर्यतीत चौऱ्याण्णव गेले. दुसऱ्या शर्यतीत एकशे अठ्ठ्याऐंशी. आता ते खुर्चीत बसेनात. तिसऱ्या शर्यतीला दोनशे पस्तीस त्यांनी दोनदा मोजले. त्यांचा घोडा शेवटच्या वळणापर्यंत पुढे होता आणि मग चौथा आला.

सलग आठ झाले. एवढेच त्यांनी धरले होते.

"आता नववा येणारच," मधुसूदनराव म्हणाले. "तीन वर्षांत जे झालं नाही ते आत्ता झालंय. आता यायलाच पाहिजे."

"मागचे आठ हरले हे घोड्याला काय माहीत?" शैलाबाई म्हणाल्या.

त्यांनी ऐकलं नाही. पेन्सिल चालली होती. गेलेले सहाशे पंच्याऐंशी, वर वीस, घोड्याचा भाव एकाला दीड, म्हणजे एक लावला तर वर दीड मिळणार. उत्तर आलं चारशे सत्तर. पातेल्यात उरले होते तीनशे पंचावन्न.

वीस चिंचोके सुटावेत म्हणून चारशे सत्तर लावायचे, म्हणजे वीस हजारांसाठी पावणेपाच लाख, हे शैलाबाईंनी मनात मांडून पाहिलं. मधुसूदनरावांना मात्र फक्त कमी पडलेले एकशे पंधरा दिसत होते.

"तुझ्या डब्यातून एकशे पंधरा दे. शर्यत झाली की लगेच परत."

"हरलेले पैसे बुकीकडंच उसने मागता?"

"देतात. तिथं ओळखीवर देतात."

"म्हणूनच मी देत नाही."

"अगं, मोसम संपायला एक तास राहिलाय! चार महिन्यांची मेहनत एकशे पंधरा चिंचोक्यांसाठी..." ते खिडकीपाशी गेले, परत आले, घड्याळ पाहिलं. चौथी शर्यत सुटायला बावीस मिनिटं होती. "पातेल्यात असले पाहिजेत, एवढंच लिहिलंय ना? आणतो मी."

आणि हा माणूस, जो दुधाची पिशवी आणायलाही इस्त्रीची पँट चढवायचा, तो लेंगा-बनियनवर पिशवी घेऊन जिना उतरून गेला. कुठे जाणार हे शैलाबाईंना ठाऊक होतं. मागच्या गल्लीत द्वारकाबाई राहायची. उन्हाळ्यात दौलताबादकडून पोत्यानं चिंच आणायची, फोडून विकायची, आणि चिंचोके व्यापारी घेऊन जाईपर्यंत घरात राखून ठेवायची.

शैलाबाई एकट्याच मोबाइलसमोर बसल्या. घोडे फिरवून आणले. एकेक करून फाटकात शिरले. जिन्यात पावलं वाजतायत का, म्हणून त्या कान देऊन होत्या. ह्यांना उशीर व्हावा असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि असं वाटतंय ह्याची लाजही वाटत होती. फाटकं उघडली. सव्वा मिनिटात शर्यत संपली, आणि मधुसूदनरावांचा घोडा पहिला आला. चांगला दोन घोड्यांच्या लांबीनं पुढे आला.

घरात कुणी नव्हतं. मोबाइल बंद करून "हरला" म्हटलं असतं तर ठेव वाचली असती, भांडण संपलं असतं. शैलाबाईंचा हात मोबाइलपर्यंत गेलाही. मग त्यांनी तो मागे घेतला, कारण खोट्या उत्तरानं सुटलेलं गणित त्यांच्या लेखी सुटलेलं नव्हतं. लबाडीनं जिंकायचं तर आधीच कमी मोजून देता आलं असतं की.

पाच मिनिटांनी मधुसूदनराव आले. श्वास लागलेला, बनियन पाठीला चिकटलेलं, हातात चांगली दोन किलोंची पिशवी.

"सुटली?"

"सुटली आणि संपली."

"आणि?"

"तुमचा घोडा आला."

त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की पातेलं उडालं. "बघ! बघ शैला, मी काय म्हणत होतो! नवव्याला आला! योजनेत काही खोट नाही. भांडवल थोडं कमी पडलं, बाकी काही नाही. पाचाच्या जागी साडेसहा लाख घेऊन बसलो की..."

"दीड लाख कुठून आणायचे?"

"उभे राहतात गं. माणसं आहेत आपली."

शैलाबाईंचा धीर तिथे खचला. चार महिने त्या थांबल्या होत्या ते ह्या शेवटच्या पायरीसाठी, आणि शेवटची पायरी आली तर माणूस जीभ चावायच्या ऐवजी नवं गणित मांडत होता. अटीनुसार त्या जिंकल्या होत्या. पण जिंकून उपयोग काय? ठरल्याप्रमाणे हे गप्प बसतील, आणि त्यांच्या मनात तो घोडा जन्मभर पहिला येत राहील.

तेवढ्यात दार वाजलं. द्वारकाबाई होती, हातात झाकण घातलेला पेला.

"बाई, उठल्या कशाला वो तुम्ही?" ती शैलाबाईंना दारात पाहून दचकलीच. "पडून राहा की. ताकात सुंठ घालून आणलंय, एवढं घ्या आधी."

"मला काय झालंय?"

"आता! साहेब म्हनले ना, बाईला सकाळपासून जुलाब लागलेत, उभं राहवत नाय, वैद्यानं चिंचोके भाजून त्याची पूड द्यायला सांगितली, आत्ताच्या आत्ता पायजेल. लई घाबरलेले होते वो साहेब. डोळ्यात पानी होतं त्यांच्या. मी सुनेला म्हनलं, व्यापाऱ्याचं राहू दे, पोतं सोड आधी. पैसे देऊ लागले, मी घेतले नाय. दुखन्याखुपन्याचे कुठं पैसे घेतेत व्हय?"

शैलाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना पाहवलं नाही. चौतीस वर्षं मोजमापाच्या वहीत एक इंच खोटा न लिहिलेला माणूस त्यांच्या पाठीमागे उभा होता.

"तुमी तर चांगल्या हायेत," द्वारकाबाई म्हणाली. तिला काही उमजेना.

"द्वारकाबाई," मधुसूदनराव पुढे आले. "बाईंना काही झालेलं नाही. मी खोटं बोललो तुमच्याशी."

"चिंचोक्यासाठी?"

"हो."

द्वारकाबाईला राग आला नव्हता. तिला वाईट वाटलं होतं, आणि ते जास्त झोंबणारं होतं. "नुस्ते मागितले असते तरी दिले असते की वो साहेब," ती म्हणाली. पेला तिनं तसाच कट्ट्यावर ठेवला आणि ती जिना उतरून गेली.

मधुसूदनराव खुर्चीत बसले. शैलाबाई समोर बसल्या. मोबाइलवर पाचव्या शर्यतीचे भाव येत होते. मधुसूदनरावांनी तो स्वतःच बंद केला.

शैलाबाईंना बोलायचं बरंच होतं. रागाचंही होतं. पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, आणि ते विचारताना त्यांना स्वतःलाच भीती वाटत होती.

"चिंचोक्यांसाठी मला आजारी पाडलंत. खरे सव्वा लाख मागायला गेला असतात, तर कुणाला पाडलं असतं?"

शैलाबाईंना वाटलं, हे उत्तर देणार नाहीत. पण तो माणूस मुळात खोटं बोलणारा नव्हताच. अर्ध्या तासापूर्वी तो बोलला होता एवढंच.

"मनस्विनीला," ते म्हणाले. "पहिलं तिचंच नाव तोंडात आलं होतं, शैला. सातवा महिना आहे, कुणीही विश्वास ठेवील. द्वारकाबाईच्या दारापर्यंत तेच घोकत गेलो. मग वाटलं, चिंचोकेच तर आहेत, त्यांच्यासाठी तुझं नाव पुरे."

एवढं बोलून ते उठले, पिशवी उचलली आणि द्वारकाबाईच्या घराकडे निघाले. शैलाबाईंनी दाराला कुलूप लावलं आणि त्याही त्यांच्या मागोमाग जिना उतरल्या.